पोचा, डाक आणि पैसे देणारं गिऱ्हाईक : पितळी वाद्यांच्या दुरुस्तीचा इतिहास



वाद्यांचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर दोन प्रकारची माणसं उभी राहतात. एक वाद्य घडवणारा, दुसरा वाजवणारा. घडवणाऱ्याचं नाव वाद्यावर कोरलेलं असतं. वाजवणाऱ्याचं नाव तबकडीवर, जाहिरातीत, लोकांच्या आठवणीत असतं. या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो आणि त्याचं नाव कुठेच नसतं. वाद्य बिघडलं, पडलं, चेपलं, की ते ज्याच्याकडे जातं आणि चार पैसे घेऊन जो ते पुन्हा वाजतं करून देतो, तो हा माणूस. आज आपण त्याच्याबद्दल बोलणार आहोत. त्यातही पितळी फुंकवाद्यांबद्दल, म्हणजे कॉर्नेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, युफोनियम या घराण्याबद्दल.

विषय छोटा वाटेल. पण आमचं म्हणणं असं आहे, की आपल्याकडे वरातीपुढे, गणपतीपुढे शंभराहून अधिक वर्षं जो बँड वाजत आला, तो नव्या वाद्यांवर उभा राहिलाच नाही. तो दुरुस्त केलेल्या वाद्यांवर उभा राहिला. म्हणून तीन साधे प्रश्न घेऊन पुढे जाऊ. या वाद्यात मोडतं काय? ते नीट कसं करतात? आणि दुरुस्तीचे पैसे कोण देतं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. दुरुस्ती कशी होणार हे पुष्कळदा कारागिराच्या हातापेक्षा पैसे देणाऱ्याच्या गरजेवर ठरलेलं दिसतं.

न्यूरेंबर्गपासून व्हॉल्व्हपर्यंत

सुरुवात युरोपातून करावी लागेल, कारण ही वाद्यं तिथून आली. सोळाव्या ते अठराव्या शतकात जर्मनीतलं न्यूरेंबर्ग हे ट्रंपेट बनवण्याचं मोठं केंद्र होतं. हास, एहे, हाइनलाइन, श्निट्झर अशी कारागीर घराणी तिथे होती. वाद्याचं जे फुललेलं तोंड, ज्याला वाजवणारे 'बेल' म्हणतात, त्याच्या काठावर एक नक्षीदार पट्टी बसवत आणि तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव असे. ती पट्टी शोभेची होतीच, शिवाय पातळ पत्र्याचा काठ दुमडू नये म्हणूनही होती. म्हणजे वाद्य पडणार, आपटणार, हे बनवणाऱ्यानं आधीच गृहीत धरलं होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या जुन्या ट्रंपेटच्या नळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या नसत. एक नळी दुसरीत घट्ट बसवायची, फट मेणानं बुजवायची, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि वरून दोरी गुंडाळायची. झालं वाद्य. बिघडलं तर दोरी सोडा, नळी काढा, सरळ करा, पुन्हा बसवा. दुरुस्तीची सोय वाद्याच्या बांधणीतच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र बदललं. १८१४ च्या सुमारास हाइनरिश श्टोल्झेल या हॉर्नवादकाचं नाव व्हॉल्व्हच्या संदर्भात पुढे येतं. १८१८ साली त्यानं आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यानं मिळून प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. पुढे १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा पेरिने यानं पिस्टन व्हॉल्व्हला जो आकार दिला, तोच थोड्याफार फरकानं आजही ट्रंपेटवर दिसतो. तीन बटणं, खाली तीन पिस्टन. बटण दाबलं की हवा एका जादा नळीतून फिरून येते, नळीची एकूण लांबी वाढते आणि सूर उतरतो. दुसऱ्या व्हॉल्व्हनं अर्धा स्वर, पहिल्यानं एक पूर्ण स्वर, तिसऱ्यानं दीड.

संगीताच्या इतिहासात ही क्रांती मानली जाते आणि ते बरोबरच आहे. पण दुरुस्तीच्या बाजूनं पाहा. आतापर्यंत जे वाद्य भांडी घडवणाऱ्याच्या हातात देता येत होतं, ते आता जवळजवळ घड्याळाच्या जातीचं झालं. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कमी असते. जास्त झाली तर हवा गळते आणि सूर फुसका येतो. कमी झाली तर पिस्टन अडकतो. प्रत्येक पिस्टन त्याच्याच घरात घासून बसवलेला असतो, म्हणून त्यावर एक, दोन, तीन असे आकडे मारलेले असतात. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या घरात घातला तर वाद्य बोलत नाही. अशा वाद्याला शिकलेला दुरुस्तीवाला लागतोच. एका वेगळ्या धंद्याची गरज अशी निर्माण झाली.

पैसे कोण देतं?

आता गिऱ्हाइकाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पितळी वाद्यांची तीन मोठी गिऱ्हाइकं होती.

पहिलं, लष्कर. गंमत म्हणजे रेजिमेंटच्या बँडचा खर्च बराच काळ अधिकारीच वर्गणी काढून करत. १८५७ साली नेलर हॉल इथे लष्करी संगीताची शाळा सुरू झाली आणि त्यानंतर हळूहळू एकसारखेपणा आला. त्याआधी प्रत्येक रेजिमेंटची वाद्यं वेगळी, सूरही वेगळा.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे गिरण्या-कारखान्यांचे आणि गावांचे बँड. यॉर्कशरमधल्या ब्लॅक डाइक मिल्सचा बँड १८५५ पासून त्या नावानं ओळखला जातो. तिथे वाजवणारे गिरणी कामगार आणि पाठबळ गिरणीमालकाचं.

तिसरं, साल्व्हेशन आर्मी, म्हणजे मुक्तिफौज. रस्त्यावर बँड वाजवून धर्मप्रचार करणारी ही मंडळी. त्यांना इतकी वाद्यं लागत, की लंडनजवळ सेंट ऑल्बन्स इथे त्यांचा स्वतःचा वाद्यांचा कारखाना होता. तो १९७२ पर्यंत चालला. हीच मुक्तिफौज सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईत उतरली आणि रस्त्यावर गाजावाजा करत मिरवणूक काढल्याबद्दल तिच्या मंडळींना पोलिसांनी पकडलं, हा आपल्या शहराच्या इतिहासातला एक मजेदार प्रसंग आहे.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. वाद्य वाजवणाऱ्याचं नाही. ते रेजिमेंटचं, गिरणीचं, संस्थेचं आहे. म्हणजे वाद्यातली खोट ज्याच्या ओठांना आणि बोटांना कळते तो एक, आणि दुरुस्तीचे पैसे देतो तो दुसराच. हा धागा धरून ठेवा, आपल्याकडे तो पुन्हा येणार आहे.

या काळातलं दुरुस्तीचं एक मोठं काम मोडतोडीमुळे आलंच नाही, ते सुरामुळे आलं. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये 'हाय पिच' चालत असे. 'ए' हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा. आजचा प्रचलित मानक ४४० चा. फरक काढला तर जवळपास अर्ध्या स्वराचा अर्धा भाग येतो. ऐकणाऱ्याला तो चांगलाच बोचतो. वाद्यवृंदांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खालचा सूर घेतला, लष्करी बँडांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी, आणि इंग्लंडमधल्या नागरी ब्रास बँडांनी तर थेट १९६० च्या दशकात.

मग हजारो जुन्या वाद्यांचं काय करायचं? फेकायची? नाही. लांब करायची. हिशेब सोपा आहे. कॉर्नेटची किंवा ट्रंपेटची नळी उलगडली तर साधारण १ मीटर ४० सेंटीमीटर भरते. सूर ४५२ वरून ४४० वर आणायचा तर लांबी पावणेतीन टक्क्यांनी वाढवायला हवी, म्हणजे सुमारे ४ सेंटीमीटर. मुख्य स्लाइड यू आकाराची असते, त्यामुळे प्रत्येक पायाला २ सेंटीमीटर. पण तेवढ्यानं भागत नाही. तिन्ही व्हॉल्व्हच्या नळ्याही त्याच प्रमाणात वाढवाव्या लागतात. दुसऱ्या व्हॉल्व्हची नळी मुळातच ८ सेंटीमीटरच्या आसपास, तिला जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. हे न करता नुसती मुख्य स्लाइड लांब केली तर मोकळे सूर बरोबर येतात आणि बटण दाबलं की वाद्य चढू लागतं. मन लावून केलेलं काम आणि वरवरचं काम यातला फरक असा दोन मिलिमीटरवर येतो.

भारतात ही वाद्यं कशी रुजली

आपल्याकडे ही वाद्यं लष्कराबरोबर आली. आधी कंपनीच्या आणि नंतर राणीच्या पलटणींबरोबर. मग संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले, कारण बँड असणं हा दरबारी रुबाबाचा भाग झाला. लष्करी आणि संस्थानी बँडमधून शिकून बाहेर पडलेल्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खासगी बँड सुरू केले. लग्नाच्या वरातीला पूर्वी सनई-चौघडा असे, तिथे कॉर्नेट आणि युफोनियम आलं. आपल्या भागात पूर्वापार वाजंत्रीचं काम करणाऱ्या जातींमधल्या, त्यात मांग समाजातल्याही, अनेकांनी ही नवी वाद्यं हातात घेतली. ज्यांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता, त्यांच्या वाद्याशिवाय मिरवणूक मात्र निघत नव्हती, हा आपल्या समाजाचा विरोधाभास इथेही आहेच.

मुंबईत दुसरा प्रवाह गोव्याचा. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि वाद्य धरायला शिकवत. ही मुलं मोठी होऊन ब्रिटिशांच्या आणि संस्थानांच्या बँडमध्ये, जहाजांवर, हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत पोचली. धोबी तलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे 'कूड' होते आणि वाद्यांची दुकानंही त्याच परिसरात. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो.

उत्तरेत मेरठ हे या धंद्याचं माहेरघर झालं. मेरठ मोठी छावणी, म्हणजे बँडही तिथे. लष्करी बँडमधले बँडमास्टर नादिर अली यांनी १८८५ साली सुरू केलेली नादिर अली अँड कंपनी सुरुवातीला बँड होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं वाद्यं बनवायला घेतली. तिथल्या जली कोठी भागात आजही दारोदार पितळी वाद्यं घडतात आणि देशभरातल्या वरातींत वाजतात. बँडनं आधी वाद्यं वापरली, मग बनवली, हा क्रम लक्षात घ्या. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुरुस्तीची पायरी असणारच. जो वाद्य उघडून पुन्हा बसवतो, त्यालाच ते नवं बनवण्याची हिंमत होते.

तांबटाचा हात आणि कॉर्नेटची नळी

इथे कोणी विचारेल, की पितळ आणि तांबं ठोकणारे आपल्याकडे कमी होते का? अजिबात नाही. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी पेशवाईपासूनची. मठारकाम केलेला हंडा उन्हात धरला तर ठोक्यांची ओळ ओळखता येते. तुतारी, शिंग, कर्णा ही वाद्यं आपल्याच कारागिरांनी घडवली. मग पितळी बाजा दुरुस्त करायला वेगळा माणूस कशाला?

उत्तर अगदी साधं आहे. हंड्याला पोचा आला तर तांबट हात आत घालतो, खाली लोखंडी आधार देतो आणि वरून ठोकतो. ट्रंपेटच्या नळीचा आतला व्यास सुमारे पावणेबारा मिलिमीटर. तिथे बोटही जात नाही, आणि नळी वळणावळणाची. पोचा आत आलेला आहे आणि तो बाहेर काढायचा तर आतून दाब हवा.

त्यासाठी वापरतात पोलादी गोळे. एकेका मापाचे, क्रमानं वाढत जाणारे. नळी उघडायची, पोच्यातून जेमतेम जाईल असा गोळा आत सोडायचा आणि तो पलीकडे ढकलायचा. मग थोडा मोठा, मग त्याहून मोठा. शेवटचा गोळा नळीच्या मूळ मापाचा. गोळा आत असताना बाहेरून हलक्या हातोडीनं भोवतालचा पत्रा त्यावर बसवायचा. फुललेल्या तोंडासाठी लांब दांडीचे ठोकळे असतात, त्यावर बेल चढवून गुळगुळीत पोलादानं रगडत आणायची. तत्त्व तांबटाचंच. आत आधार, बाहेर ठोका. फक्त आधार अशा जागी पोचवायचा, जिथे हात पोचत नाही.

आता धातूचा एक गुण समजून घेतला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. या वाद्यांचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पितळ ठोकलं की कडक होतं. पुन्हा ठोकलं की आणखी कडक. एका मर्यादेनंतर ते वाकत नाही, तडकतं. त्याला पुन्हा मऊ करायचं तर साडेचारशे ते सहाशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. म्हणजे एकाच जागी पोचा किती वेळा काढता येईल याला मर्यादा आहे. बेलचा पत्रा असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. दर दुरुस्तीला वाद्य आपल्या आयुष्यातलं थोडंसं खर्च करतं.

यात आपल्या पावसाळ्याचाही एक धडा आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. ती घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवलेली असत. इंग्रजीत याला ऋतूवरूनच नाव पडलं, 'सीझन क्रॅकिंग'. १९२१ च्या सुमारास धातुशास्त्रज्ञांनी खुलासा केला. घोड्याच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि ठोकताना-ताणताना पितळात अडकून राहिलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की पितळाला चिरा जातात. उपाय काय? तापवून ताण काढायचा. दुरुस्त केलेल्या वाद्यालाही हाच नियम लागू आहे. ठोकून सरळ केलेला, पण ताण न काढलेला भाग वरून छान दिसतो आणि दोन पावसाळ्यांनी चीर दाखवतो. तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेलं असतं.

कच्चा डाक, पक्का डाक

दुरुस्तीतला सगळ्यात मोठा निर्णय डाकाचा. कथील आणि शिसं यांचा मऊ डाक १९० अंशांच्या आसपास वितळतो. चांदीचा कडक डाक ६०० अंशांच्या वर. पहिल्याला कच्चा म्हणू, दुसऱ्याला पक्का. गिऱ्हाइकाला साहजिकच पक्काच हवा असतो. 'परत सुटायला नको' हे त्याचं म्हणणं.

पण वाद्य बनवणाऱ्यांनी आधाराच्या पट्ट्या आणि बहुतेक सांधे मुद्दाम कच्च्या डाकानं जोडलेले असतात. का? दोन कारणं. वाद्य आपटलं तर आधी सांधा सुटावा, नळी फाटू नये. सुटलेला सांधा पुन्हा लागतो, फाटलेली नळी बदलावी लागते. आणि दुसरं, उद्या आतला पोचा काढायचा तर वाद्य उघडता आलं पाहिजे. म्हणजे कच्चा सांधा ही कमजोरी नाही. पुढच्या दुरुस्तीवाल्यासाठी ठेवलेली ती वाट आहे. न्यूरेंबर्गच्या मेण आणि दोरीचाच हा नवा अवतार.

अशा सांध्यावर कोणी पक्का डाक मारला, की तीन गोष्टी होतात. शेजारचे कच्चे सांधे वितळून सुटतात. तापलेली नळी मऊ पडते आणि पुढच्या धक्क्याला सहज चेपते. आणि ते वाद्य पुन्हा कधीच नीट उघडत नाही. पक्क्या डाकाचीही योग्य जागा आहे, उदाहरणार्थ बेलची उकललेली शिवण. पण सगळीकडे पक्का डाक म्हणजे आजचं गिऱ्हाईक खूश आणि पुढच्या पन्नास वर्षांची वाट बंद. भांडी, सायकली, गाड्यांचे रेडिएटर यांना डाक देणाऱ्याकडे हातघाईनं नेलेल्या वाद्याचं हेच होतं. त्याचा हात वाईट नसतो. हे वाद्य पुन्हा उघडायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सुपारी, मुहूर्त आणि चकाकी

आता आपला धागा पुन्हा हातात घेऊ. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये साधारणपणे वाद्यं आणि गणवेश मालकाचे. वाजवणारे हंगामापुरते. सुपारी मालक घेतो, इसार मालक घेतो, दुरुस्तीचे पैसेही मालकच देतो. आणि मालकाला सुपारी कशावर मिळते? वरातीत बँड कसा दिसतो यावर. चकचकीत वाद्यं, झगमगीत गणवेश, दिव्यांची रांग.

दुरुस्तीच्या दृष्टीनं इथे पेच आहे. कानाला कळणारी खोट डोळ्याला दिसत नाही आणि डोळ्याला दिसणारी खोट पुष्कळदा कानाला कळत नाही. बेलवरचा मोठा पोचा लांबून दिसतो, पण सुरात फारसा फरक करत नाही. उलट माउथपीसजवळच्या अरुंद नळीतला छोटासा पोचा कोणाला दिसत नाही, पण सूर बिघडवतो. थुंकी काढण्याच्या भोकावरचं बूच झिजलं तर अख्खं वाद्य गळकं होतं. बूच काही पैशांचं, पण त्यामुळे बिचारा वादक रात्रभर दुप्पट दम लावत राहतो. झिजलेल्या पिस्टनवर धातूचा थर चढवून तो पुन्हा घासून बसवणं हे सगळ्यात महागडं काम, आणि ते वरून बिलकुल दिसत नाही.

मालकाचा पैसा मर्यादित. मग तो कुठे जातो? चकाकीकडे. बफ मशीनवर वाद्य घासलं की ते नव्यासारखं दिसतं. पण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यातून दर वेळी थोडं पितळ उडून जातं, कोरलेलं नाव पुसट होतं, काठ पातळ होतो. वरातीला हवी असलेली चकाकी वाद्याचं आयुष्य खात असते. यात मालकाला दोष देऊन उपयोग नाही. वरातीतलं गिऱ्हाईक वाद्य बघून पैसे देतं, म्हणून मालक तसाच खर्च करतो.

स्टुडिओतला किंवा जॅझ वाजवणारा वादक वेगळा. वाद्य त्याच्या स्वतःच्या मालकीचं, खोट त्यालाच कळते, पैसेही तोच देतो. त्याची मागणी 'पिस्टन हलका कर, गळती बंद कर' अशी. वरचा रंग उडालेला असला तरी चालेल. एकाच शहरात, एकाच काळात, एकाच कंपनीच्या दोन ट्रंपेटचं आयुष्य असं निराळं होतं. एक चकचकीत आणि गळकं, दुसरं काळवंडलेलं आणि सुरेल. फरक कारागिराचा नाही, पैसे कोण देतं याचा आहे.

या धंद्याचं पंचांगही ठरलेलं. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, या चातुर्मासात लग्नांचे मुहूर्त नसतात. वैशाख-ज्येष्ठात मार खाल्लेली वाद्यं दुरुस्तीला टाकायला हाच काळ मोकळा. मध्ये भाद्रपदात गणपती येतात. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतले प्रभात, दरबार यांसारखे ब्रास बँड हा या परंपरेतला मानाचा भाग. म्हणजे काम हवं असतं गणपतीच्या आत, नेमकं भर पावसात, आणि नेमकं तेव्हा, जेव्हा मालकाच्या हातात पैसा सगळ्यात कमी असतो. ज्या धंद्यात काम आणि पैसा वेगवेगळ्या महिन्यांत येतात, तो धंदा उधारीवर आणि ओळखीवर चालतो. अशा व्यवहाराची कागदपत्रं मागे फारशी उरत नाहीत. या माणसांचा इतिहास लिहिला गेला नाही याचं हेही एक कारण आहे.

बंद दरवाजे आणि स्वस्त माल

स्वातंत्र्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर कडक परवाने आले. इंग्लंडची बूसी अँड हॉक्स किंवा बेसनची नवी वाद्यं मागवणं अवघड झालं. मेरठचा माल होता, पण ज्याच्याकडे जुनं विलायती वाद्य होतं, तो ते जिवापाड सांभाळू लागला. इंग्लंडमध्ये जी वाद्यं केव्हाच बदलली गेली असती, ती आपल्याकडे तीन-तीन पिढ्या वाजली. दुरुस्तीवाल्याचे हे चांगले दिवस. नवं मिळत नाही म्हणजे जुन्याला किंमत, आणि जुन्याला किंमत म्हणजे हाताला किंमत.

१९९१ नंतर दरवाजे उघडले. पुढच्या वीसेक वर्षांत चीनमधून आलेली स्वस्त ट्रंपेटं बाजारात दिसू लागली. पिस्टनचं नीट काम करायला जेवढी मजुरी लागते, त्याच्या आसपास नवं वाद्य मिळायला लागलं तर मालक काय करेल? त्याच वेळी वरातीत बँडची जागा डीजे आणि 'डॉल्बी'नं घ्यायला सुरुवात केली. मग २०२० चा उन्हाळा आला. टाळेबंदी, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आणि अख्खा हंगाम बुडाला. पितळी वाद्य न वाजवता पडून राहिलं की पिस्टन धरतात, स्लाइड चिकटतात. जे विकलं गेलं नाही ते गंजलं.

आज अडचण अशी आहे, की स्वस्त वाद्य तीन-चार हंगामांत बिघडतं आणि त्याची दुरुस्ती परवडत नाही. जुनं वाद्य दुरुस्त होण्यासारखं असतं, पण ते उघडणारा हात सापडत नाही. हा हात पुस्तकातून तयार होत नाही. नळीत गोळा अडकतो तेव्हा मनगटाला जे कळतं ते शेजारी बसूनच शिकावं लागतं. आणि चांगलं काम करायला जो वेळ लागतो त्याची किंमत कोणी देत नसेल, तर शेजारी बसायला नवा मुलगा येणार नाही.

मग आपण काय करायचं?

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी आमची एक सूचना आहे. जुनं पितळी वाद्य हाती आलं तर ते आधी पुसू नका, वाचा. कोरलेलं नाव पुसट झालंय का? म्हणजे ते किती वेळा घासलं गेलं. सांध्यावर डाक ओघळलाय की नीट भरलाय? पिस्टनवरचे आकडे एकाच ठशाचे आहेत, की एक पिस्टन दुसऱ्या वाद्यातला बसवलाय? मुख्य स्लाइडला जोड आहे का? असेल तर ते कदाचित हाय पिचचं वाद्य असेल, कोणीतरी कष्टानं खाली आणलेलं. बेलला आतून ठिगळ आहे का? ज्यानं आपलं नाव कुठेच लिहिलं नाही, त्याची ही सही समजा.

संग्रहालयांपुढेही एक प्रश्न आहे. वाद्य वाजतं करायचं, की आहे तसं जपायचं? वाजतं करायला गेलो तर जुन्या दुरुस्तीच्या खुणा जातात. जपलं तर ते मुकं राहतं. आम्हाला वाटतं, दुर्मीळ वाद्य जपावं आणि साधं, पुष्कळ असलेलं वाद्य वाजतं ठेवावं. दोन्हीसाठी एकच माणूस लागतो, जुना डाक ओळखणारा.

आणि जे इतिहासाचे अभ्यासक नाहीत, पण घरच्या लग्नात बँड ठरवतात, त्यांच्यासाठी एवढंच. सुपारी देताना गणवेश आणि दिवे बघालच. एकदा वाजवूनही घ्या. एक कॉर्नेट, एक लांब सूर. तो सूर न थरथरता टिकला तर त्या वाद्यामागे कोणीतरी मन लावून काम केलंय आणि मालकानं त्याचे पैसे दिलेत असं समजा. तुम्ही सुराचे पैसे देऊ लागलात, तर मालक सुरासाठी पैसे खर्च करू लागेल. शंभर-दीडशे वर्षांचा हा इतिहास तेवढंच सांगतो. वाद्याची दुरुस्ती कारागिराच्या हातात असते, आणि तो कारागीर टिकणं गिऱ्हाइकाच्या हातात असतं.

इथे थांबू. प्रश्नांसाठी थोडा वेळ ठेवला आहे.